कोऱ्या संगणकात काय भरावे?

सुटे भाग आणून घरी संगणक जोडला आणि बटण दाबले, की पंखा फिरतो, दिवा लागतो, आणि पडद्यावर एक ओळ उमटते: सुरू करण्याजोगे काही सापडले नाही. यंत्र तयार आहे. पण कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यापर्यंत कोणी न्यायचे, फाइल डिस्कवर नेमकी कुठे ठेवायची, दोन प्रोग्रॅमनी एकदम मेमरी मागितली तर कोणाला किती द्यायची, हे पाहणारा कारभारी अजून आलेला नाही. हा कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, आपल्या भाषेत कार्यप्रणाली. ती कोणती घ्यावी, असे विद्यार्थी आम्हाला पुष्कळदा विचारतात. आम्ही त्यांना थेट नाव सांगत नाही. हाच प्रश्न हेलसिंकीतल्या एका विद्यार्थ्यापुढे कसा आला होता, ते सांगतो.

जानेवारी १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या तरुणाने हप्त्यांवर एक संगणक घेतला. ३८६ प्रोसेसर, ३३ मेगाहर्ट्झ वेग, ४ मेगाबाइट मेमरी. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही एवढी जागा खातो! त्या सुमारास आम्ही शाळेत होतो. आमच्याकडे संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जावे लागे, आणि आत काय चालते हे विचारायची सोय नव्हती. ते डब्यात बंद होते.

टोरवाल्ड्सच्या संगणकाबरोबर डॉस आली होती. डॉस १९८१ सालच्या आयबीएम पीसीसाठी केलेली, एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवणारी कार्यप्रणाली. तिच्यात प्रोग्रॅमांना सहजी वापरता येणारी मेमरी ६४० किलोबाइट. उलट ३८६ हा इंटेलने १९८५ साली आणलेला ३२ बिटांचा प्रोसेसर होता. प्रत्येक प्रोग्रॅमला मेमरीचा स्वतंत्र हिस्सा देणे, एकाने दुसऱ्याच्या हिश्शात हात घातला तर तिथेच अडवणे, एक काम थांबवून दुसरे सुरू करणे, या सगळ्याची तजवीज त्या सिलिकॉनच्या तुकड्यातच केलेली होती. डॉस तिच्याकडे पाहतही नसे. दहा खोल्यांचे घर घ्यावे आणि ओसरीवरच झोपावे, तसे हे झाले.

विद्यापीठात मात्र त्याने युनिक्स वापरली होती. एकाच यंत्रावर सोळा जण एकदम काम करीत आणि कोणाचे कोणाला अडत नसे. तेच त्याला घरी हवे होते. पण ३८६ वर चालणाऱ्या व्यापारी युनिक्सची किंमत हजारो डॉलर. उरली मिनिक्स. अँड्र्यू टॅनेनबाम या प्राध्यापकाने कार्यप्रणाली शिकवण्यासाठी ती लिहिली आणि १९८७ साली पाठ्यपुस्तकासोबत प्रसिद्ध केली. टोरवाल्ड्सने मागवली, यायला महिन्याहून जास्त लागला. तिचा सोर्स कोड वाचता येई, ही मोठी गोष्ट. मात्र ती १६ बिटांच्या यंत्रांसाठी होती, आणि दुरुस्त केलेली संपूर्ण मिनिक्स इतरांना वाटण्याची मुभा नव्हती. ऑस्ट्रेलियातल्या ब्रूस एव्हान्स यांनी तिला ३८६ वर आणणारे बदल केले होते, पण तेही मूळ प्रत विकत घेऊन वरून ठिगळासारखे लावावे लागत. म्हणजे वाचा, शिका, पण नीट करून शेजाऱ्याला देऊ नका. आमच्या मते पुढचे सारे रामायण या एका अटीतून घडले.

घरून विद्यापीठाच्या संगणकाशी फोनवरून जोडून घेण्याचा मिनिक्समधला प्रोग्रॅम त्याला पसंत पडेना, म्हणून त्याने स्वतःचा लिहायला घेतला, तोही कुठल्याच कार्यप्रणालीचा आधार न घेता, थेट प्रोसेसरवर. आधी नुसता प्रयोग: एक काम पडद्यावर फक्त ए लिहिणार, दुसरे फक्त बी, आणि घड्याळाच्या ठोक्यावर दोघांच्या पाळ्या बदलणार. मग एका कामाला मोडेमकडून येणारी अक्षरे वाचायला लावले, दुसऱ्याला कळफलकाची पाठवायला. पुढे आलेल्या फाइली साठवायच्या, तर डिस्क चालवणारा भाग हवा. डिस्क आली की फाइलींची व्यवस्था हवी. अशी एकेक गरज भागवता भागवता कार्यप्रणालीचा गाभाच तयार झाला. २५ ऑगस्ट १९९१ ला त्याने मिनिक्स वापरणाऱ्यांना तो निव्वळ छंद म्हणून कळवला. सप्टेंबरमध्ये बाहेर पडलेली ०.०१ ही आवृत्ती सुमारे १०,००० ओळींची होती. (ती आजही मिळते. प्रोग्रॅमांच्या पाळ्या लावणारा त्यातला भाग एका पानात मावतो. अकरावी-बारावीच्या मुलांबरोबर वाचून पाहावा.) कंपायलर त्याला लिहावा लागला नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पात तो तयार होता. त्या प्रकल्पाचा स्वतःचा गाभा तेवढा रखडला होता.

तरीही हे लिनक्स मिनिक्सच्याच मांडीवर वाढत होते. तेवढ्यात एक फजिती झाली. युनिक्सच्या पद्धतीत मोडेम काय, डिस्क काय, सगळी उपकरणे फाइलींसारखी नावाने हाताळतात. एकदा चुकून त्याने फोन लावण्याची आज्ञा मोडेमऐवजी डिस्कच्या नावावर धाडली. डिस्कने ती इमानाने लिहून घेतली, नेमकी मिनिक्सच्या हिश्शाच्या आरंभी, आणि मिनिक्स गेली. आता पुन्हा मिनिक्स भरायची, की आपल्याच अर्ध्यामुर्ध्या प्रणालीवर राहायचे? त्याने दुसरे निवडले.

ते पेलवण्यासारखे होते, कारण एव्हाना इतरांच्या मागण्या येऊ लागल्या होत्या. जर्मनीतल्या एकाकडे मेमरी केवळ २ मेगाबाइट होती आणि तेवढ्यात लिनक्सचा गाभा कंपाइल होईना. त्याच्यासाठी टोरवाल्ड्सने नाताळच्या सुटीत, न लागणारी पाने मेमरीतून डिस्कवर काढून ठेवण्याची सोय केली. मिनिक्समध्ये ती नव्हती. फेब्रुवारी १९९२ पासून त्याने ग्नूचा परवाना लावला. त्याने लिनक्स घेण्याची, बदलण्याची, वाटण्याची आणि विकण्याचीही मुभा दिली. अट एवढीच, की वाटणाऱ्याने सोर्स कोडही द्यावा.

ही गोष्ट एका हुशार मुलाची म्हणून सांगण्याची पद्धत आहे. आम्हाला ती अपुरी वाटते. बर्कलेच्या युनिक्सची ३८६ साठीची मुक्त आवृत्ती १९९२ साली बाहेर आली. ती आधी हाती असती तर लिनक्स बहुधा झालीच नसती, असे पुढे खुद्द टोरवाल्ड्सनेच सांगितले आहे. त्याची निवड गुणांची तुलना करून झाली नव्हती. त्या महिन्यात, त्या किमतीत, त्या अटींवर काय मिळत होते, यावर ती झाली.

ज्या प्रोसेसरसाठी हा सारा खटाटोप झाला, त्याचे काय? डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातून ३८६ साठीचा भाग काढून टाकण्यात आला. टोरवाल्ड्सने तो बदल हळहळ न करता स्वीकारला. त्यानंतरचे लिनक्स त्याच्या त्या पहिल्या संगणकावर चालत नाही.