भोगवटादार वर्ग
महाराष्ट्रातील जमिनीच्या धारणाधिकाराचे कायदेशीर वर्गीकरण. यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ लागू आहे. त्याच्या कलम २९ मध्ये हे वर्ग दिले आहेत. वर्ग १ ची जमीन सर्वसाधारणपणे निर्बंधाविना विकता येते. वर्ग २ च्या हस्तांतरणाला सक्षम महसूल अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. वर्गाची नोंद सातबाऱ्यावर (जमिनीच्या हक्कनोंदीच्या उताऱ्यावर) असते. या उताऱ्यातील हक्कबदलाची नोंद, म्हणजे फेरफार, मुख्यतः महसुलासाठी असल्याने केवळ त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. म्हणून खरेदीपूर्वी मूळ दस्त, जुने फेरफार, वारसांचे हिस्से आणि ‘इतर हक्क’ रकान्यातील बोजा तपासतात. शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावराच्या खरेदीखताची नोंदणी १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार सक्तीची आहे.