दिनविशेष : १ ऑक्टोबर
साबळेने आघाडी सोडलीच नाही

२०२३ : चीनमधील हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत मांडव्याच्या (ता. आष्टी, जि. बीड) अविनाश साबळेने ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक जिंकले. वेळ ८ मिनिटे १९.५० सेकंद, स्पर्धेचा नवा विक्रम. या प्रकारात सुवर्ण मिळवणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. रौप्य आणि कांस्य जपानच्या धावपटूंनी घेतले.

पदकाइतकीच त्याची चालही महत्त्वाची. या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात. अडथळा धक्का लागला तरी पडत नाही, पडतो तो धावपटू. घोळक्यात समोर फक्त पाठी दिसतात आणि पावलांचा अंदाज चुकतो. म्हणून अनेक जण मागे राहून दम राखतात व शेवटच्या फेरीत झेप घेतात. साबळेने उलटे केले. लवकरच पुढे जाऊन त्याने वेग इतका चढा ठेवला, की जपान्यांना शेवटच्या झेपेची संधीच उरली नाही. रौप्यविजेता चार सेकंदांहून अधिक मागे राहिला.

पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो अंतिम फेरीतही पोहोचला. साबळेचा आष्टी तालुका अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याला लागूनच आहे. पोलीस किंवा सैन्य भरतीच्या धावचाचणीसाठी पहाटे धावणाऱ्या, त्याच जिल्ह्यातील पारनेरच्या मुला-मुलींनी ही शर्यत एकदा घड्याळ लावून पाहावी. दम कुठे राखायचा आणि कुठे खर्चायचा, हे त्यातून शिकता येते.