पावती आणि माल

शेअरबाजाराचा विषय ऐकून आसगावकर मंडळी म्हणतील, याचा आमच्याशी संबंध काय? संबंध एका कागदापुरता आहे. पण तो कागद समजून घेण्याजोगा आहे.

1992 च्या घोटाळ्याचा गाभा म्हणजे ‘बँक रिसीट’ नावाची पावती. एखाद्या बँकेस थोड्या दिवसांपुरता पैसा हवा असला, की ती आपले सरकारी रोखे दुसरीस विकी आणि ठरल्या दिवशी परत घेई. नाव विक्रीचे, काम उसनवारीचे. रोखे हाती न देता ‘ते आमच्यापाशी आहेत’ अशी पावती दिली जाई. मध्ये दलाल. चेक बँकेच्या नावाचा निघे आणि जमा होई दलालाच्या खात्यात! हर्षद मेहता याने तो पैसा शेअरबाजारात ओतला. पुढे तर रोख्यांवाचूनच पावत्या निघू लागल्या. अशा पोकळ पावत्या देणाऱ्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातली बँक ऑफ कराड होती. आमच्याकडे कोठीत धान नसता कोणी धानाची पावती फाडली, तर त्यास गावात तोंड दाखविता येणार नाही.

22 एप्रिल 1992 रोजी मुंबईचा निर्देशांक 4,467 वर होता. दुसऱ्याच दिवशी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त सुचेता दलाल या वार्ताहर बाईंची बातमी आली: स्टेट बँकेच्या हिशेबात सुमारे 500 कोटींचे रोखे जुळत नाहीत, आणि बँकेने ‘बिग बुल’ दलालास भरपाई करावयास लावले आहे. सारे जण भाव किती चढला हे मोजत असता बाईंनी विचारले, पैसा येतो कोठून? मालक तोटा झाला म्हणतो तेव्हा आम्ही कामगार-चळवळीतले लोक ताळेबंद मागतो, तसलाच हा प्रश्न. तो विचारण्याचे काम तपासनिसांचे होते. पण रिझर्व्ह बँकेत रोख्यांच्या नोंदी तेव्हा हाताने होत आणि मेळ मागे पडे.

मुंदडा प्रकरण आठवावे. 1957 साली आयुर्विमा महामंडळाचा पैसा असाच मुंदड्याच्या शेअरांत गेला. फिरोज गांधींनी तो प्रश्न लोकसभेत उभा केला, छागला आयोगाने मुंबईत उघड चौकशी केली आणि 1958 साली अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी गेले. म्हणजे चौतीस वर्षांनी तोच धडा, फक्त रक्कम मोठी.

जानकीरामन समितीने आकडा 4,000 कोटींच्या घरात नेला. संसदेची संयुक्त समिती बसली. दलाल आणि देबाशिस बसू यांनी 1993 साली यावर पुस्तक लिहिले. मेहता 2001 च्या अखेरीस कोठडीत असताना ठाण्यात वारला. तोवर त्याच्यावरचे बरेच खटले चालूच होते.

आणि कराडची बँक? ती 1992 सालीच दिवाळ्यात निघाली. ठेवींच्या विम्याची मर्यादा त्या वेळी माणशी 30,000 रुपये होती. पुढे 1994 साली ती बँक ऑफ इंडियात विलीन झाली. शेअरबाजाराची पायरीही न चढलेल्या ठेवीदारांना मधली दोन वर्षे आपल्याच पैशाची चौकशी करीत काढावी लागली.