अपघातानंतरचा वाद आणि तरुण चालक

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवेलागणीच्या सुमारास एक मोटार आणि एक मोटारसायकल यांची धडक झाली असे समजा. मोटार चालविणारा मुलगा एकोणीस वर्षांचा. परवाना मिळून त्याला जेमतेम सहा महिने झालेले. मोटारसायकलवरच्या माणसाचा पाय मोडलेला. पाच मिनिटांत पन्नास माणसे जमतात आणि एका घटनेच्या तीन हकिगती होतात. मुलगा म्हणतो, हा माणूस शेताच्या वाटेने एकदम रस्त्यावर आला. तो माणूस म्हणतो, मी माझ्या बाजूने सरळ चाललो होतो. गर्दी म्हणते, पोरगा भरधाव होता. आणि गर्दीतल्या बहुतेकांनी धडक पाहिलेली नसते, आवाज तेवढा ऐकलेला असतो. इतक्यात मुलाचे काका येऊन पोचतात. कोणाला किती लागले हे विचारण्याआधीच ते म्हणतात, "काय ते मिटवून टाका."

आजचा आमचा विषय या चार शब्दांपाशी सुरू होतो. रस्त्यावर उभ्या असलेल्या त्या मुलाला वाटते की असा प्रसंग जगात आपल्यावरच आला. वास्तविक तो ज्या वादात सापडला आहे त्याला सव्वाशे वर्षांहून अधिक इतिहास आहे. तो इतिहास त्याला व त्याच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असता, तर पुढची अर्धी दुर्दशा टळली असती असे आम्हांस वाटते.

१७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनस्थळी ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची स्त्री मोटारीखाली सापडून मरण पावली. ब्रिटनमध्ये मोटारीने पादचाऱ्याचा बळी घेतल्याची ही पहिली नोंद समजली जाते. चालक नवखा होता. गाडी हाती घेऊन त्याला काही आठवडेच झाले होते. चौकशीत वाद कशाचा झाला? वेगाचाच. चालक म्हणाला, गाडी ताशी चार मैलांनी चालली होती. एका साक्षीदाराला मात्र ती आगीच्या बंबासारखी धावत आल्याचे दिसले. पंचांनी अखेर अपघाती मृत्यू असा निर्णय दिला. नवखा चालक, बघ्यांचे परस्परविरोधी सांगणे आणि वेगाचा वाद या तिन्ही गोष्टी मोटारीच्या जन्माबरोबरच जन्मास आल्या हे यावरून दिसते. १८९६ चे क्रिस्टल पॅलेस आणि आजचा जिंतूर रस्ता यांत या बाबतीत फारसे अंतर नाही.

आपल्याकडे कायदा मोटारीच्याही आधी तयार होता. हयगयीने किंवा अविचाराने एखाद्याच्या मृत्यूस कारण होणे, हा गुन्हा सांगणारे ३०४-अ हे कलम भारतीय दंडसंहितेत १८७० साली घातले गेले. त्या वेळी या देशात मोटार नव्हती. १९०२ साली मुंबई उच्च न्यायालयाने ओंकार रामप्रताप यांच्या खटल्यात या कलमाचा अर्थ लावला. मृत्यू हा आरोपीच्या हयगयीचाच प्रत्यक्ष परिणाम असला पाहिजे. अनेक कारणांपैकी तीही एक होती एवढे पुरेसे नाही, असे न्यायालयाने सांगितले. हे तत्त्व पुढे सर्वोच्च न्यायालयानेही स्वीकारले. १९९८ साली कर्नाटकातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले. गाडी 'भरधाव' होती एवढ्या साक्षीवर हयगय सिद्ध होत नाही, कारण वेग ही सापेक्ष गोष्ट आहे. अरुंद गल्लीतला वेग निराळा, मोकळ्या रस्त्यावरचा निराळा. गर्दी ज्या एका शब्दावर मुलाला दोषी ठरविते, तो शब्द न्यायालयात एकटा उभा राहू शकत नाही. पण मुलाने यात फार समाधान मानू नये. त्याचे 'मी हळूच होतो' हे म्हणणेही तितकेच एकटे असते. मग उरते काय? उरतात त्या दिवशी झालेल्या नोंदी: चाकांच्या खुणा, गाड्यांची जागा, घटनास्थळाचा पंचनामा, डॉक्टरांचा दाखला.

येथे आपल्या जिल्ह्याचा इतिहास आडवा येतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. या संस्थानाने जून १९३२ मध्ये रेल्वे खात्याच्या हाताखाली २७ गाड्यांनिशी सरकारी मोटारसेवा सुरू केली. म्हणजे मोटारीची ओळख या मुलखाला उशिरा झाली असे नाही. पण संस्थानात न्यायालयाची व कारभाराची भाषा उर्दू होती आणि बहुसंख्य मराठी रयतेला ती वाचता येत नव्हती. आपण सांगितलेली हकिगत कागदावर कशी उतरली हे शेतकऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता. दुसरा कोणी वाचून दाखवील त्यावर विश्वास ठेवून त्याने अंगठा उठवायचा. संस्थान विलीन झाले, १९५१ मध्ये अनेक केंद्रीय कायदे हैदराबाद राज्यास लागू झाले, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. फिर्याद आता मराठीत लिहिली जाते. ती फिर्याद देणाऱ्यास वाचून दाखविली पाहिजे आणि तिची प्रत विनामूल्य दिली पाहिजे, असा कायदा आहे. तरीही आपली शिकलेली मुले न वाचता सही करतात आणि प्रत मागण्यास संकोचतात! आजोबांना भाषेमुळे जे करता आले नाही, ते नातवाने भीतीमुळे करू नये, ही मोठी शोकांतिका आहे.

आता वादाची दुसरी बाजू पाहू. दोष कोणाचा हा एक प्रश्न. ज्याचा पाय मोडला त्याच्या घरची चूल कशी पेटायची हा दुसरा. पूर्वी हे दोन प्रश्न एकाच दोरीने बांधलेले होते. दोष सिद्ध झाला तरच भरपाई मिळे, आणि तीही दिवाणी दावा लावून, वर्षानुवर्षे थांबून. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने दुसऱ्याच्या हानीचा विमा सक्तीचा केला. ती सक्ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. १९५६ च्या दुरुस्तीने भरपाईच्या दाव्यांसाठी खास न्यायाधिकरणांची वाट खुली केली. तरी दोषाची गाठ सुटली नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने ती सैल करण्याचा प्रयत्न केला; पण १९७७ साली मिनू मेहता यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निक्षून सांगितले की, हयगय सिद्ध झाल्यावाचून भरपाई नाही. कायद्याचा अर्थ तोच होता, मग कायदाच बदलणे भाग पडले. १९८२ साली संसदेने दोषाचा विचार न करता मृत्यूसाठी १५,००० आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये देण्याची तरतूद केली. रक्कम लहान, पण विचार मोठा! पुढे १९८८ चा नवा कायदा आला. त्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीप्रमाणे १ एप्रिल २०२२ पासून, दोष सिद्ध न करता मागता येणारी रक्कम मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख झाली.

या घडामोडीचा अर्थ तरुण चालकाने नीट समजून घ्यावा. जखमी माणसाला मदत केली तर गुन्हा कबूल केल्यासारखे होईल, या भीतीने अनेक जण मागे सरतात. ही भीती निराधार आहे. जखमीला दवाखान्यात नेणे ही दोषाची कबुली नव्हे. ते चालकाचे कर्तव्य म्हणून १९८८ च्या कायद्याच्या कलम १३४ मध्येच लिहिलेले आहे. जमाव खवळल्यामुळे थांबणे अशक्य झाले तर काय, याचाही विचार त्या कलमात केला आहे. तेवढ्यापुरती चालकास सूट आहे. पण ती सूट घरी जाऊन लपण्यासाठी नाही. जवळचे पोलीस ठाणे गाठून चोवीस तासांच्या आत खबर देणे त्याच्यावर बंधनकारकच आहे. विमा कंपनीलाही लेखी कळवावे लागते. वाटसरूंनीही घाबरू नये. मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते कायद्यात आले.

मग काकांच्या 'मिटवून टाका'चे काय? मृत्यू ओढवला असेल तर हयगयीचा गुन्हा आपसांत मिटवता येत नाही. चार माणसांसमोर दिलेल्या पैशांनी खटला संपत नाही. भरपाईचा दावा मात्र समेटाने निकाली निघू शकतो. लोकअदालतीत असे दावे मिटतात आणि ते योग्यच आहे. समेट वाईट नाही. अंधारात, कागदाविना, दुबळ्याच्या गरजेचा फायदा घेऊन केलेला समेट वाईट.

घरच्यांची माया किती दूर जाऊ शकते, याचे उदाहरण महाराष्ट्राने १९ मे २०२४ रोजी पुण्यात पाहिले. कल्याणीनगर भागात पहाटेपूर्वी एका भारी मोटारीने दुचाकीला धडक दिली. दोन तरुण अभियंते ठार झाले. गाडी चालविणारा सतरा वर्षांचा असल्याचे पोलिसांनी सांगितले. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने जामीन देताना अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली आणि राज्यभर संताप उसळला. मंडळाने नंतर मुलाला निरीक्षणगृहात पाठविले. जून २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून त्याला सोडले. त्याहून गंभीर आरोप निराळे होते: रक्ताचा नमुना बदलल्याचा, आणि घरच्या चालकावर दोष स्वतःकडे घेण्यासाठी दडपण आणल्याचा. या आरोपांवरून वडीलधाऱ्यांना व डॉक्टरांना अटक झाली. आरोपांचा निवाडा न्यायालयाने करावयाचा आहे. आम्ही तो येथे करणार नाही. पण ज्या चौकशीचा विषय एका मुलाचे गाडी चालविणे हा होता, ती मोठ्या माणसांभोवती फिरू लागली, ही गोष्ट प्रत्येक बापाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून अल्पवयीनाच्या हातून असा गुन्हा घडल्यास पालक किंवा गाडीमालक यांस तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड सांगितला आहे. अठराच्या आतल्या मुलाच्या हाती मोटारीची किल्ली देणे हे लाड नव्हेत.

आपल्या जिल्ह्यातून कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्ग पाथरी, मानवत, परभणी असा जातो. उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या गाड्या रात्री त्यावर चालतात; बैलगाडी, सायकल, पायी जाणारे मजूर यांचाही रस्ता तोच. अशा रस्त्यावर अतिशय सावध मुलाच्या हातूनही एखादा दिवस वाईट निघू शकतो. त्या दिवशी त्याने काय करावे? जागा सोडू नये; जखमीला उचलावे; गाड्या हलविण्याआधी छायाचित्रे घ्यावीत; पोलिसांना स्वतः कळवावे. जे पाहिले तेवढेच सांगावे. न पाहिलेले सांगू नये आणि पाहिलेले लपवू नये. फिर्याद वाचूनच सही करावी, प्रत घ्यावी आणि वकिलाचा सल्ला घ्यावा. दोष त्याचा असेल तर तो ठरेल. नसेल तर याच नोंदी त्याला तारतील.

आणि काकांनी? त्यांनी मुलाला गाडीत घालून घरी नेऊ नये. त्याच्याबरोबर आधी दवाखान्यात जावे, मग पोलीस ठाण्यात. तिथे बाकावर मुलाशेजारी बसावे आणि त्याला खरे बोलू द्यावे. त्या रात्री त्याला वडीलधाऱ्याची खरी गरज असते ती एवढ्यासाठीच.