आवाज कोणाचा, पैसे कोणाला?

औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. भिंती नसलेला तुरुंग. त्या प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. कथा-पटकथा गदिमांची. शेटफळ्यात जन्मलेला, औंधला शिकलेला हा लेखक मराठी, सिनेमा हिंदी. माणदेशातली गोष्ट दुसऱ्या भाषेत गेली ती माणसांच्या हातून, आणि तेच त्यांच्या पोटापाण्याचं काम होतं.

त्याआधी, १९३२ मध्ये, कोल्हापूरच्या ‘प्रभात’ने ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत वेगवेगळा चित्रित केला. गोविंदराव टेंबे, दुर्गा खोटे दोन्हींत होते. पुढे डबिंग रुळलं आणि असं दोनदा शूटिंग करायची गरज उरली नाही. पण भाषांतर करणारे आणि आवाज देणारे यांना नवं काम मिळालं.

म्हणूनच आम्ही इंजिनिअर लगेच म्हणतो, ‘यंत्र आलं की नवी कामंही येतात.’ एआय डबिंगबाबत मला ते पटत नाही. डबिंगला माणसाचा गळा लागायचाच. एआय मात्र त्याच गळ्याची रेकॉर्डिंग ऐकून शिकतं आणि त्याच्याच जागी बोलतं.

हॉलिवूडचे कलाकार २०२३ मध्ये ११८ दिवस संपावर होते. डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती आणि मोबदला, हे त्यांनी करारात लिहून घेतलं. मराठी मालिकांना आवाज देणाऱ्यांनाही तेच हवं. स्वतंत्रपूर विश्वासावर चाललं. इथे मात्र सही लागेल.