बॉय, पोऱ्या आणि गुलाम

दिवाळीत फराळाच्या ताटल्या उचलल्या की कोकणातल्या घरांतून पत्त्यांचा कॅट बाहेर निघतो. मोठी माणसे मेंढीकोटाला बसतात आणि पोरेबाळे गुलामचोर खेळतात. ज्याच्या हाती शेवटी गुलाम उरतो, तो चोर ठरतो. गुलामाने काही चोरलेले नसते. पण तो ज्याच्या पदरी पडेल त्याच्यावर आळ येतो. राजा, राणी आणि गुलाम ही तीन चित्रे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. त्यांतल्या तरुण चेहऱ्याच्या तिसऱ्या चित्राला हे नाव कसे मिळाले, याचा विचार मात्र आपण सहसा करीत नाही. तो केला तर वाट थेट एका साध्या इंग्रजी शब्दाच्या दारात जाते. तो शब्द म्हणजे 'बॉय'.

या पत्त्याचे इंग्रजीतले जुने नाव 'नेव्ह'. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ केवळ 'मुलगा' असा होता, आणि त्याचा जर्मन भाऊबंद 'क्नाबे' आजही त्याच अर्थाने नांदतो आहे. इंग्रजीत मात्र या मुलाचा पुढे चाकर झाला आणि चाकराचा लबाड, लुच्चा माणूस झाला. पत्त्याच्या कोपऱ्यात नावाची आद्याक्षरे छापण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली, तेव्हा राजाच्या आणि नेव्हच्या अक्षरांत घोटाळा होऊ लागला. म्हणून नेव्ह जाऊन 'जॅक' आला. आता आपला 'गुलाम' पाहा. हा अरबीतून आलेला शब्द. त्याचाही मूळ अर्थ मुलगा, पोरसवदा तरुण असाच. मग तो पदरी बाळगलेल्या, विकत घेतलेल्या तरुणांना लागू लागला आणि सरतेशेवटी त्याचा अर्थ दास एवढाच उरला. दोन भाषा, एकमेकींशी नात्याचा संबंध नाही. तरी दोघींनी मुलाला एकाच उतरणीवरून खाली आणला.

आमच्या जिल्ह्यातल्या सावंतवाडीचा गंजिफा मात्र या बाबतीत निराळा. त्याच्या दशावतारी डावात दहा अवतारांची बारा-बारा अशी 120 गोल पाने असतात. चित्रांची पाने दोनच, राजा आणि प्रधान. गुलामाला तिथे जागाच नाही. मोगली गंजिफ्यात 'गुलाम' नावाचा एक अख्खा रंग आहे. पण त्या रंगालाही स्वतःचा राजा आणि प्रधान असतो. आपल्या नेहमीच्या कॅटातल्या गुलामाच्या नशिबी तेवढेही नाही.

आता 'बॉय'कडे वळू. आपण शाळेत हा शब्द शिकलो तो 'मुलगा' या अर्थाने. इंग्रजी भाषेच्या इतिहासात पाहिले तर क्रम नेमका उलटा दिसतो. मध्ययुगीन इंग्रजीत 'बॉय' म्हणजे आधी चाकर, हलक्या दर्जाचा माणूस. घरात जन्मलेला मुलगा हा अर्थ त्याला पुढे लाभला. 'लॅड' या शब्दाचेही तेच. पोर्तुगीजांचा 'मोसू' मुलगाही असतो आणि नोकरही. फ्रेंचांचा 'गार्सों' घरात मुलगा, तर खानावळीत वाढपी. म्हणजे कोणी मुलापासून निघून चाकरापाशी पोचला, कोणी चाकरापासून निघून मुलापाशी. पण रस्ता तोच, आणि त्या रस्त्यावर दोघांची गाठ सदैव पडत आली. ज्याला हाक मारताच त्याने उठून यावे, तो लहान. मग त्याचे वय काही का असेना.

इंग्रज हिंदुस्थानात आला तेव्हा या शब्दाला इथे आणखी एक सोबती भेटला. यूल आणि बर्नेल या दोघा इंग्रज पंडितांनी 1886 साली 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा एक मोठा गमतीदार कोश छापला. इंग्रजांच्या बोलण्यात शिरलेल्या देशी शब्दांची ती खाण आहे. त्यात 'बॉय'चे दोन अर्थ दिले आहेत. एक घरचा नोकर आणि दुसरा पालखी वाहणारा. हा दुसरा 'बॉय' मुळी इंग्रजी नव्हेच, तो दक्षिणेतला 'बोयी', म्हणजेच आपला भोई. साहेब हाक मारी आपल्या भाषेत, आणि खांद्यावर दांडी घेतलेला माणूस ओ देई ती आपल्या जातीच्या नावाला. दोघांनाही वाटे की आपण एकच शब्द वापरतो आहोत.

परंतु सगळे खापर साहेबाच्या माथी फोडून चालणार नाही. आपल्या बोलीतही हीच गोष्ट आहे. 'गडी' म्हणजे खेळातला सोबती; सवंगडी त्यातूनच झाला. हुतूतूत 'आमचे सात गडी' असे आपण अभिमानाने सांगतो. आणि घरकामाला ठेवलेला माणूस, तोही गडीच. मुंबईच्या घरांतून तर कोकणातल्या घरगड्याला सरसकट 'रामा' म्हणत. त्याचे स्वतःचे नाव गणपत असो की सखाराम. 'पोरगा' आपल्या घरचा. तोच दुसऱ्याच्या हॉटेलात कपबश्या विसळू लागला की 'पोऱ्या' होतो. 'छोकरा' मायेनेही म्हणता येतो आणि तुसडेपणानेही. शब्द तोच राहतो, हाकेचा सूर तेवढा बदलतो.

हे मी केवळ कोश चाळून लिहीत नाही. आमचे तळेरे म्हणजे वाटांचा नाका. मुंबई-गोवा महामार्ग इथूनच जातो. एक फाटा विजयदुर्गाकडे उतरतो, दुसरा वैभववाडीवरून गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूर गाठतो. जिथे वाटा फुटतात तिथे माणसे पांगतात. कोकण रेल्वेवरून मुंबई ते गोवा अशी सलग गाडी 1998 साली धावू लागली. त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडची पोरे विजयदुर्गास जाऊन आगबोटीने मुंबई गाठीत असत. मिसरूड फुटायच्या आधीच गाठोडे बांधले जाई. गावात तो 'झील' असे. मालवणीत झील म्हणजे मुलगा, लेक. मुंबईच्या धक्क्यावर उतरला की तो झील राहत नसे.

माझ्या शाळकरी वयात, 1960 च्या सुमारास, आमच्या वाडीत एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांची सारी उमर मुंबईत साहेबांच्या बंगल्यांवर गेली होती. पत्र्याच्या ट्रंकेत त्यांनी आपल्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या. त्या काळी साहेब बदलून गेला की नोकराला इंग्रजीत चार ओळींची शिफारस लिहून देई, त्या ह्या चिठ्ठ्या. पहिली पहिल्या महायुद्धाच्या आधीची, शेवटची साहेब हा देश सोडून निघाला त्या सुमाराची. अधूनमधून ते मला त्या वाचायला सांगत. प्रत्येकीत एक वाक्य ठरलेले असे: हा चांगला, प्रामाणिक बॉय आहे. पहिल्या चिठ्ठीच्या वेळी ते कोवळे पोर असतील. शेवटच्या चिठ्ठीच्या वेळी त्यांना नातवंडे झाली होती. शब्द मात्र जागचा हलला नव्हता. बॉय म्हणजे झीलच ना, असे मी एकदा विचारले. त्यांनी चिठ्ठीची घडी नीट घातली आणि म्हणाले, "झील मी आवशीचो. सायबाचो मी बॉय."

त्या दोन वाक्यांत हॉब्सन-जॉब्सनचे पान आले आणि त्या पानात नसलेलेही काही आले.

पंचक्रोशीतली सगळीच पोरे काही बंगल्यांवर गेली नाहीत. पुष्कळशी गिरण्यांत शिरली. मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी 1854 साली कावसजी दावर यांनी काढली आणि पुढल्या अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा हा भाग धुराड्यांनी भरून गेला. त्या वेळचा रत्नागिरी जिल्हा, ज्यातून 1981 साली आमचा सिंधुदुर्ग वेगळा झाला, हा या गिरण्यांना माणसे पुरवणारा मोठा जिल्हा होता. सूतखात्यात भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या लावायला चपळ बोटे लागत, आणि ती पोरांची असत.

इथे एक नवी गोष्ट घडली. मूल म्हणजे कोण, हे प्रथमच आकड्यांत सांगावे लागले. 1881 च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये असे ठरवले. आज वाचताना अंगावर काटा येतो. पण तो कायदा सुधारणेचा समजला गेला. 1891 साली किमान वय नऊ झाले आणि चौदा वर्षांखालच्या मुलांचे तास सातावर आले. 1922 साली किमान वय बारा झाले व पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठी सहा तास ठरले. 1948 साली, स्वतंत्र हिंदुस्थानात, किमान वय चौदा झाले. आणि 1950 पासून अमलात आलेल्या घटनेच्या 24 व्या कलमाने चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखाना, खाण वा इतर धोक्याचे काम बंद केले. सातापासून चौदापर्यंत यायला 67 वर्षे लागली. वर्षाला एक महिना आणि वर काही दिवस, एवढ्या गतीने गरिबाचे बालपण वाढत गेले.

आणि तेही कारखान्याच्या फाटकाआड. घरकाम, ढाबे आणि खानावळी यांत चौदा वर्षांखालच्या मुलांना ठेवण्यावर सबंध देशात बंदी आली ती 10 ऑक्टोबर 2006 पासून. 2016 च्या दुरुस्तीने अशा मुलांना जवळजवळ सगळ्याच उद्योगांत मज्जाव केला. घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर मदत करण्याची मुभा तेवढी राहिली. दरम्यान 2010 पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. ज्या वयात पूर्वी 'ए पोऱ्या' अशी हाक येई, त्या वयात आता हजेरीपटावर नाव येते. हा फरक लहान नाही.

कायद्याने बालपणाची मर्यादा आखली खरी. पण मोठेपणाची पावती तो देऊ शकला काय? ज्याला मुद्दाम लहान ठेवायचे त्याला साठीतही 'बॉय' म्हणता येते. याचा कडवट अनुभव अमेरिकेने घेतला. तिथली गुलामगिरी 1865 साली कायद्याने संपली. जोतीराव फुल्यांनी 1873 साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांनाच अर्पण केला होता. पण बेड्या निघाल्या तरी हाक सुटली नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत पिकल्या केसांच्या कृष्णवर्णीय माणसालाही गोरा पोरगा 'बॉय' म्हणे. 1968 साली मेम्फिस शहरातले सुमारे 1,300 सफाई कामगार संपावर गेले. त्यांच्या हातांतल्या फलकांवर तीनच अर्थांचे मागणे होते: मी, माणूस, आहे. पगारवाढीची आणि युनियनची मागणी त्यांची होतीच; पण फलकावर त्यांनी लिहिले ते हे. त्या संपाला पाठिंबा देण्यासाठी आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची 4 एप्रिल रोजी त्याच शहरात हत्या झाली. पुढे 2006 साली अलाबामातल्या दोन कृष्णवर्णीय कामगारांच्या दाव्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, 'बॉय' हा एकटा शब्द नेहमीच निरुपद्रवी असतो असे मानता येणार नाही. बोलण्याचा संदर्भ, सूर, तिथली रीत आणि त्या शब्दाचा इतिहास पाहूनच त्याचा अर्थ लावावा लागेल. आमच्या वाडीतल्या त्या वृद्धांनी हा निवाडा बऱ्याच आधी देऊन ठेवला होता.

आज साहेब गेला, बंगले गेले, पुष्कळशा गिरण्यांच्या जागी टोलेजंग इमारती उठल्या. 'बॉय' मात्र आहे. इस्पितळातला वॉर्डबॉय साठीला टेकून निवृत्त होतो. कचेरीतल्या ऑफिसबॉयचा मुलगा कॉलेजात असतो. दारावर पुडके घेऊन येणारा डिलिव्हरी बॉय दोन लेकरांचा बाप असतो. यात कोणाचा अपमान करण्याचा हेतू नसतो हे मला मान्य आहे. साहेबाच्या चिठ्ठीतही तो नव्हता. तिथे तर स्तुतीच होती.

मग उतरलेला शब्द उतरलेलाच राहतो काय? तसे नाही, आणि त्याचा दाखला आमच्या मालवणीतच आहे. संस्कृत नाटकांत 'चेट' म्हणजे दास. 'मृच्छकटिका'तला स्थावरक हा असाच शकाराचा चेट. वसंतसेनेला मार, ही धन्याची आज्ञा तो मार खाऊनही मानीत नाही. याच 'चेट'वरून 'चेडा' झाला. कोकणातल्या समजुतीत चेडा म्हणजे एक क्षुद्र भूतयोनी. पण त्याच घराण्यातला 'चेडू' पाहा. आमच्याकडे चेडू म्हणजे मुलगी, घरातली लाडकी लेक. "चेडू माहेराक इला" असे म्हणताना आईच्या तोंडी जी माया असते, तीत दासीपणाचा मागमूसही उरलेला नाही. कोणा पंडिताने सभा भरवून हा अर्थ बदलला नाही. कितीएक आयांनी आपापल्या अंगणांतून लेकींना हाका मारल्या आणि त्या हाकांनी शब्द धुऊन निघाला.

या दिवाळीत कोणी दारावर मिठाईचे पुडके घेऊन येईल. त्याला 'अरे पोऱ्या' म्हणण्याआधी नाव विचारावे. नाव सांगायला त्याला क्षणभरही लागत नाही, आणि सणासुदीला दारात आलेल्या माणसाच्या हातावर करंजी ठेवताना त्याला नावाने हाक मारता आली, तर ती करंजी त्यालाही अधिक गोड लागेल.