लाल बावटा ते दोन मीटर
ब्रिटनच्या रस्त्यांवर एके काळी घोड्याचा मान मोठा होता. 1865च्या कायद्यानुसार वाफेच्या गाडीपुढे किमान 60 यार्डांवर लाल बावटा घेतलेला माणूस चालत असे. घोडेस्वारांना आणि गाडीवानांना वेळीच सावध करणे हे त्याचे काम. गावात गाडीला ताशी 2 मैलांची मर्यादा, गावाबाहेर 4.

1896मध्ये हलक्या मोटारींना ताशी 14 मैलांची मोकळीक मिळाली आणि पारडे फिरले.

घोडा आवाजाने बुजतो, उधळतो. स्वार कितीही तरबेज असला तरी अशा वेळी लगाम अपुरा पडू शकतो. तरीही 14 वर्षांखालील स्वारांना रस्त्यावर हेल्मेट सक्तीचे करणारा कायदा संमत व्हायला 1990 उजाडले. ही दिरंगाई फार खटकते. 2022च्या सुधारित वाहतूक नियमावलीने चालकांना नेमके आकडेच दिले: घोड्याला ओलांडताना वेग ताशी 10 मैलांच्या आत, अंतर किमान 2 मीटर.